एका अक्षराचा फरक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी तेव्हा फ्रिज नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तो फार थोड्या घरांत होता. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, इन्सुलिनची बाटली आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड दोऱ्यानं करकचून बांधून माठातल्या पाण्यात सोडत असू. एक लहान माठ खास त्याच कामासाठी ठेवला होता. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही.

१९८३ सालचा उन्हाळा होता. मी तेरा वर्षांचा आणि आपा सोळाची. वर्षभरापूर्वी ती एकाएकी वाळत गेली, तांब्याच्या तांब्यानं पाणी प्यायला लागली आणि एक दिवस बेशुद्ध पडली, तेव्हा तिला नागपूरला नेलं. तिथं कळलं, की तिला साखरेचा आजार आहे आणि रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. तिथल्या एका नर्सबाईंनी अब्बांना संत्र्यावर सुई टोचून शिकवलं. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ काचेची पिचकारी उकळत्या पाण्यात टाकायची आणि अब्बांनी इंजेक्शन द्यायचं, हा आमच्या घरचा नेम झाला. अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांचा हात स्थिर होता.

त्या मे महिन्यात नेहमीची बाटली यवतमाळच्या दुकानात मिळेना. कुणीतरी नागपूरहून दुसरी आणून दिली. महाग होती, परदेशातून आलेली होती आणि तिचा खोकाही वेगळा होता. मला नुकतं इंग्रजी वाचता यायला लागलं होतं, त्यामुळे दिसेल ते वाचायची खोड होती. नेहमीच्या खोक्यावर 'बोव्हाइन' असा शब्द असे, या खोक्यावर 'पोर्साइन' होता. नगरपालिकेच्या वाचनालयात एक फाटका शब्दकोश होता. त्यात दोन्ही शब्द सापडले. पहिल्याचा अर्थ गाईगुरांचा. दुसऱ्याचा अर्थ डुकराचा.

मी घरी येऊन तो अर्थ मोठ्यानं सांगितला. असं काही सांगताना आवाज खाली ठेवावा, हे तेराव्या वर्षी कळत नाही. अम्मीनं माठात हात घालून पिशवी बाहेर काढली आणि कोनाड्यात ठेवून दिली. बाहेर मे महिन्याचं ऊन. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, परत माठात सोडली, टोपी घातली आणि मौलानासाहेबांकडे गेले. तासाभरानं परतले. मौलानासाहेबांनी सांगितलं होतं, दुसरी दवा मिळत असेल तर ती शोधा. मिळत नसेल तर जीव आधी. जीव वाचवण्याची सक्ती असेल तिथं गुन्हा नाही. संध्याकाळचं इंजेक्शन वेळेवर झालं. पण ती बाटली संपेपर्यंत अम्मीनं त्या माठाला हात लावला नाही. आपाला कुणी काही विचारलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बाही वर करायची.

आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. तेही इन्सुलिन घेत. रोज पहाटे देवळात जाणारा माणूस. त्यांच्या खोक्यावर अर्थातच 'बोव्हाइन' असे. ही हकीकत त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते ओट्यावर येऊन अब्बांना म्हणाले, "मास्तर, मी इंजेक्शन घेताना चष्मा घरात ठेवून येतो." दोघं खूप वेळ हसले. अम्मी हसली नाही.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहून गेला. जनावराच्या अंगातला रस माणसाच्या अंगात चालतोच कसा? त्यात असं काय असतं, की जे त्याचं आणि आपलं सारखं आहे? आमच्या गावात याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. उत्तर होतं केंब्रिजमध्ये आणि ते मिळूनही तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. मला ते चाळिशी उलटल्यावर कळलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला होता. पुढे विज्ञानाची पुस्तकं वाचली ती शेजारी शब्दकोश ठेवूनच.

इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातला तो रस मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिली खेप नीट शुद्ध नव्हती. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेली दुसरी खेप लागू पडली आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. तेव्हापासून जगभरच्या कत्तलखान्यांतून गाईगुरांची आणि डुकरांची स्वादुपिंडं गोळा होऊ लागली. औषध हाती आलं. पण ते नेमकं काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते एक प्रथिन आहे, एवढंच हळूहळू कळलं.

आता प्रथिन म्हणजे काय? अमिनो आम्लं नावाचे वीसेक प्रकारचे छोटे रेणू असतात. ते एकमेकांना जोडले जाऊन प्रथिनाची साखळी होते. आपले स्नायू, केस, रक्तातला लाल पदार्थ, पोटातले पाचक रस ही सगळी प्रथिनं. १९४० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांना कुठल्याही प्रथिनात कोणतं अमिनो आम्ल साधारण किती आहे, हे मोजता येत होतं. पण ते कोणत्या क्रमानं जोडलेले आहेत, हे सांगता येत नव्हतं. त्यांना असा काही ठरलेला क्रम असतो का, याबद्दलच एकवाक्यता नव्हती. काहींच्या मते ते नक्षीसारखे ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत असावेत. काहींना वाटे, की प्रथिन हे साधारण सारख्या रेणूंचं मिश्रण आहे, त्यात नेमका क्रम शोधण्यात अर्थ नाही.

मी कविता लिहितो म्हणून असेल, पण इथं मी पुस्तक खाली ठेवलं होतं. क, म, ल ही तीन अक्षरं घ्या. 'कमल' होतं. तीच तीन अक्षरं जागा बदलून ठेवा, 'कलम' होतं. अक्षरांची मोजदाद दोन्हीकडे सारखीच. म्हणजे त्या वेळच्या रसायनशास्त्राजवळ शब्दातल्या अक्षरांची यादी होती, शब्द नव्हता.

तो शब्द वाचणारा माणूस फ्रेडरिक सँगर. १३ ऑगस्ट १९१८ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात रेंडकोम्ब नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. घराणं क्वेकर पंथाचं. हा शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा पंथ आहे. केंब्रिजला शिकत असतानाच त्यांचे आई आणि वडील दोघंही कर्करोगानं गेले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा या तरुणानं आपण बंदूक धरणार नाही असं सांगितलं. सरकारनं ते मान्य केलं. आजोळची सुबत्ता होती, त्यामुळे शिष्यवृत्तीवाचूनही संशोधन करता आलं. स्वतःविषयी बोलताना ते प्रयोगशाळेत खटपट करत बसणारा एक माणूस, यापलीकडे फारसं काही सांगत नसत.

१९४३ मध्ये चिब्नॉल नावाचे नवे प्राध्यापक केंब्रिजला आले. त्यांनी सँगरना इन्सुलिनवर काम करायला सुचवलं. का? तर शुद्ध स्वरूपात आणि पुरेशा प्रमाणात सहज मिळेल असं जे थोडं होतं, त्यात इन्सुलिन होतं. ते औषध होतं आणि दुकानात विकत मिळत होतं. साखरेच्या रोग्यांसाठी चाललेल्या कारखानदारीनं विज्ञानाला ही मदत केली.

सँगरनी काय केलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. जाणकारांनी क्षमा करावी. साखळीचं एक टोक मोकळं असतं. त्या मोकळ्या टोकाला चिकटून बसणारं एक रसायन त्यांनी शोधून काढलं. ते चिकटलं, की तो कण पिवळा होतो. मग आम्लात उकळून साखळी पार मोडून टाकायची आणि पिवळा कण कोणता आहे ते पाहायचं. जो पिवळा, तो साखळीचा पहिला. इन्सुलिनमध्ये अशी दोन वेगवेगळी टोकं निघाली. एकाला ग्लायसिन, दुसऱ्याला फिनाइलअॅलानिन. म्हणजे साखळ्या दोन आहेत आणि त्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ते बांध सोडवून त्यांनी साखळ्या वेगळ्या केल्या.

पुढचं काम कठीण होतं. लांब साखळीचं पहिलं अक्षर कळलं, तरी बाकीची कशी वाचायची? समजा, एका वाक्याच्या पुष्कळ प्रती तुमच्याजवळ आहेत, पण सगळ्या फाटलेल्या, आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणी. एका चिटोऱ्यावर 'उद्या सकाळी' एवढंच आहे. दुसऱ्यावर 'सकाळी नागपूरची'. तिसऱ्यावर 'नागपूरची गाडी'. चौथ्यावर 'गाडी आहे'. चिटोरे एकमेकांवर सरकवून लावले, की वाक्य आपोआप जुळतं. सँगरनी साखळ्या कधी आम्लानं, कधी पोटातल्या पाचक रसांनी वेगवेगळ्या ठिकाणी तोडल्या आणि दोनतीन-चारपाच अक्षरांचे शेकडो तुकडे केले.

हे तुकडे एकमेकांपासून वेगळे करायला त्यांना एक साधन मिळालं होतं. टीपकागदावर शाईचा थेंब पडून कागद ओला झाला, की शाईतले रंग वेगवेगळ्या अंतरावर पसरतात, हे आपण शाळेत पाहिलेलं असतं. त्याच तत्त्वावर कागदावर रेणू वेगळे करण्याची रीत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या दोघांच्या कामातून निघाली होती. ते काम झालं होतं लीड्सच्या लोकर उद्योगाच्या संशोधनसंस्थेत. लोकर हेही प्रथिनच. त्या दोघांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सँगरच्या खोलीत असे कागद टांगलेले असत आणि त्यांच्यावर जांभळे ठिपके उमटलेले असत. एकेक ठिपका म्हणजे एकेक चिटोरा.

ऑस्ट्रियाहून आलेल्या हान्स टुप्पी यांच्या साथीनं १९५१ पर्यंत तीस अक्षरांची मोठी साखळी वाचून झाली. थॉम्पसन या सहकाऱ्याबरोबर १९५३ मध्ये एकवीस अक्षरांची छोटी झाली. गंधकाचे तीन बांध नेमके कुठं आहेत, हे ठरवायला १९५५ उजाडलं. तीस आणि एकवीस, एकूण ५१ अक्षरं. गाईगुरांच्या इन्सुलिनचा एक रेणू म्हणजे ७७७ अणू, आणि त्यातला प्रत्येक कुणाला जोडलेला आहे, हे आता माणसाला माहीत होतं. सुरुवात केल्यापासून बारा वर्षं गेली होती. एक शब्द वाचायला बारा वर्षं.

त्या शब्दात काही नक्षी नव्हती. ठरावीक अंतरानं काहीही पुन्हा येत नव्हतं. मागचं अक्षर पाहून पुढचं सांगता येईल असा नियमही नव्हता. तरीही प्रत्येक रेणूत क्रम तोच, अगदी तोच. १९५८ मध्ये सँगरना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला विचाराल तर ते एका औषधाची घडण शोधल्याबद्दल नव्हतं. सजीवांच्या रेणूंना शुद्धलेखन असतं, हे त्यांनी सिद्ध केलं म्हणून होतं.

आता आमच्या माठातल्या बाटलीकडे येतो. गाईगुरांचं इन्सुलिन वाचून झाल्यावर सँगर आणि त्यांचे सहकारी तिथंच थांबले नाहीत. त्यांनी डुकराचं वाचलं, मेंढीचं वाचलं. शब्द जवळजवळ तोच होता. फरक छोट्या साखळीच्या आठ ते दहा या तीन जागांपुरता. १९६० मध्ये माणसाच्या इन्सुलिनचाही क्रम कळला. ५१ पैकी माणूस आणि गाय यांच्यात फरक तीन अक्षरांचा. माणूस आणि डुक्कर यांच्यात एका अक्षराचा. मोठ्या साखळीचं अगदी शेवटचं, तिसावं अक्षर तेवढं वेगळं. त्या जागी डुकरात अॅलानिन, माणसात थ्रिओनिन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात कोनाड्यातली ती पिशवी पाहिली.

गंमत पुढे आहे. १९८२ मध्ये, म्हणजे आमच्या त्या उन्हाळ्याच्या आदल्याच वर्षी, दोन गोष्टी झालेल्या होत्या. डेन्मार्कमध्ये डुकराच्या इन्सुलिनमधलं ते एकच अक्षर रासायनिक रीतीनं काढून त्या जागी माणसाचं अक्षर बसवलेलं औषध बाजारात आलं. आणि अमेरिकेत, माणसाच्या इन्सुलिनची आज्ञा जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेल्या इन्सुलिनला परवानगी मिळाली. त्यात ना गाय, ना डुक्कर. आमच्यापर्यंत ते यायला पुष्कळ वर्षं लागली. आज कुठल्याही औषधाच्या दुकानात जे 'ह्यूमन' म्हणून मिळतं, ते हेच. त्यात माणसाचं काही नसतं, फक्त स्पेलिंग माणसाचं असतं.

क्रम कळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. वाक्य छापलेलं असतं सरळ ओळीत, पण बोलताना त्याला चढउतार असतात. तशी ही साखळी रेणूत सरळ नसते, घडी घालून बसलेली असते आणि त्या घडीवर तिचं काम ठरतं. ही घडी पाहण्यासाठी डोरोथी हॉजकिन या बाईंनी आयुष्य वेचलं. क्ष-किरण स्फटिकातून सोडायचे, मागच्या फिल्मवर पडलेले ठिपके मोजायचे आणि त्यावरून अणूंच्या जागा काढायच्या, असं ते शास्त्र. इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं चित्र त्यांनी घेतलं तेव्हा त्या पंचविशीही न ओलांडलेल्या होत्या. त्याच सुमाराला त्यांच्या हातांना संधिवात जडला आणि बोटं वाकडी होत गेली. त्या हातांनी त्यांनी पेनिसिलिनची घडण सोडवली, ब-१२ जीवनसत्त्वाची सोडवली आणि १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. इन्सुलिन तेव्हाही सुटलेलं नव्हतं. ते सुटलं १९६९ मध्ये, पहिल्या चित्रानंतर तब्बल चौतीस-पस्तीस वर्षांनी. ऑक्सफर्डच्या त्या चमूत एम. विजयन हे तरुण भारतीय संशोधक होते. परतल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या अभ्यासाचं मोठं केंद्र उभं केलं. २०२२ मध्ये ते गेले. आपल्याकडच्या फार थोड्या वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली, असं मला वाटतं.

आज परिस्थिती कुठल्या कुठं गेली आहे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. नुसता अक्षरांचा क्रम दिला, की घडी कशी पडेल याचा अंदाज सांगणारा संगणकाचा कार्यक्रम त्यांनी केला. कोट्यवधी प्रथिनांचे अंदाज त्यानं वर्तवले आहेत. हॉजकिनबाईंच्या पस्तीस वर्षांपुढे हे ऐकून मला जरा चुकल्यासारखंच वाटतं. पण तो माझा स्वभावदोष.

अब्बा शाळेत मुलांना तख्तीवर बरूनं अक्षरं गिरवायला लावत. एक नुक्ता, म्हणजे एक टिंब, विसरलं तर त्यांचा पारा चढे. उर्दूत 'दुआ' आणि 'दगा' हे दोन शब्द लिहून पाहा. फरक एका टिंबाचा. मराठीतही काही कमी नाही. एका दिवाळी अंकात माझ्या कवितेतल्या 'सावली'ची 'सावळी' झाली आणि ती ओळ आवडल्याची तीन पत्रं मला आली. माझं हसण्यावारी गेलं. सजीवांच्या रेणूत असा मुद्राराक्षस घुसला, तर काय होतं?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. जवळच्या पोडावरून यायचा. थंडी पडली, की त्याची हाडं दुखायला लागत आणि तो बाकावर आडवा होऊन कण्हायचा. डोळे कायम पिवळसर. हे नाटक आहे, असं आम्हा मुलांना वाटे आणि काही मोठ्यांनाही. त्यानं मारही खाल्ला. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आरोग्य शिबिरात त्याच्या धाकट्या भावाचं रक्त तपासलं, तेव्हा आजाराचं नाव कळलं. सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारकडे राहणाऱ्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या रक्ताला लाल रंग देणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याची घडण उलगडल्याबद्दल मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मायोग्लोबिनची उलगडणारे जॉन केंड्र्यू त्यांचे वाटेकरी होते. पेरुट्झ यांच्याच केंब्रिजच्या गटात व्हर्नन इन्ग्रॅम नावाचा तरुण काम करत होता. त्यानं निरोगी माणसाचं आणि सिकलसेलच्या रोग्याचं हिमोग्लोबिन घेतलं, दोन्ही पाचक रसानं तोडली आणि तुकडे कागदावर पसरले. सँगरच्याच वाटेनं. दोन्ही कागदांवरचे ठिपके जवळजवळ सारखे पडले. फक्त एक ठिपका सरकलेला होता. १९५७ पर्यंत त्यानं नक्की केलं, की १४६ अक्षरांच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं आहे. बाकी १४५ अक्षरं जिथल्या तिथं.

त्या एका अक्षरानं काय होतं? प्राणवायू सोडून दिल्यावर ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून काड्यांसारखी होतात. गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक नळ्यांमध्ये अडकते आणि पुढचं रक्त थांबतं. हाडं दुखतात ती यानं. आईबाप दोघांकडून हे अक्षर आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट राहतो, शिवाय जीवघेण्या हिवतापापासून त्याचा बराच बचाव होतो. हिवतापाच्या प्रदेशांत ही चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली ती त्यामुळे. भारतात ती पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळली. मग मध्य भारताचा सगळा पट्टाच समोर आला.

२०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना या दोघींना मिळालं. सजीवाच्या आज्ञेतली अक्षरं हव्या त्या जागी कापण्याची कात्री त्यांनी दिली. त्या कात्रीनं केलेल्या सिकलसेलच्या पहिल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. गर्भात असताना आपलं जे वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याचं बंद झालेलं दार पुन्हा उघडतात. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत होती माणशी २२ लाख डॉलर. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्ततपासणी आहे, गोळ्या आहेत, लग्नाआधीचा सल्ला आहे. आमच्या तालुक्यात आज या गोळ्या वेळेवर मिळाल्या, तरी ती बातमीच आहे.

सँगरची गोष्ट अर्धी राहिली. पहिल्या नोबेलनंतर ते मानसन्मानांत रमले नाहीत, पुन्हा प्रयोगाच्या टेबलाकडे गेले. प्रथिनांचं शुद्धलेखन जिथं लिहून ठेवलेलं असतं तो डीएनए वाचायला त्यांनी घेतला. त्यात अक्षरं चारच, पण ओळ अतिप्रचंड. १९७७ मध्ये त्यांनी एका विषाणूची पाच हजारांहून अधिक अक्षरांची संपूर्ण ओळ वाचली आणि त्याच वर्षी वाचनाची नवी, सोपी रीत जाहीर केली. १९८० मध्ये त्यांना वॉल्टर गिल्बर्ट आणि पॉल बर्ग यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं दुसरं नोबेल मिळालं. रसायनशास्त्रात दोनदा हा मान पुढे २०२२ पर्यंत दुसऱ्या कुणालाही मिळाला नव्हता. माणसाची संपूर्ण जनुकीय ओळ पहिल्यांदा वाचली गेली ती मुख्यतः त्यांच्या रीतीनं.

१९८३ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि बागकामाला लागले. म्हणजे अब्बा मौलानासाहेबांकडे टोपी घालून निघाले, त्याच वर्षी. सरकारनं देऊ केलेली 'सर' ही पदवी त्यांनी नाकारली, कारण लोकांनी आपल्याला 'सर' म्हणावं असं त्यांना वाटत नव्हतं. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, ते वारले.

आपा आता साठीला आली आहे. नातवंडं आहेत. पेनसारखं दिसणारं इन्सुलिन ती स्वतःच घेते आणि सुई टोचताना बोलणं थांबवत नाही. घरात मोठा फ्रिज आहे, पण मे महिन्यात दिवसभर वीज जाते, तेव्हा नातवाला लहान माठ काढायला सांगते. हे भाषण लिहीत होतो तेव्हा मी तिला सँगरची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "५१ मधलं एकच?"

"एकच," मी म्हणालो.

"हे अम्मीला सांगायला पाहिजे होतं रे." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि गाईचे किती म्हणालास?"

"तीन."

"म्हणजे काकांपेक्षा माझी बाटली बरी होती," आपा म्हणाली आणि हसायला लागली.